जुन्या ट्रान्समीटरमध्ये ६१४६ च्या जागी ६१४६बी बसवताना

हॅम रेडिओचे (हौशी बिनतारी संपर्काचे) जुने ट्रान्समीटर बघा: कॉलिन्सचा ३२एस-३ घ्या, हीथकिटचा डीएक्स-१०० घ्या किंवा हॅलिक्राफ्टर्सचा एचटी-३७. फायनलला, म्हणजे अँटेनाला ताकद देणाऱ्या शेवटच्या अ‍ॅम्प्लिफायरला, ६१४६ या काचेच्या व्हॉल्व्हची जोडी असणारच. मूळ जोडी दमली की आज हाती लागतो तो बहुधा ६१४६बी, त्याचीच नंतरची आवृत्ती. "नंबर तोच आहे, लाव आणि बोल," असा सल्ला कुणीतरी देतोच. मीही तो ऐकला होता. ८० मीटरच्या (साधारण ३.५ मेगाहर्ट्झच्या) बँडवर सगळं सुरळीत चाललं. २८ मेगाहर्ट्झवर ट्यूनचा नॉब जरा सरकवला, तर मीटरचा काटा उडाला आणि व्हॉल्व्हच्या आतल्या दोन्ही प्लेटा लालभडक झाल्या. नवी कोरी जोडी एका संध्याकाळीच गेली.

दोन्ही व्हॉल्व्ह एकाच प्रकारचे घ्या. हुबेहूब तसाच दिसणारा ६८८३ हा १२.६ व्होल्ट हीटरचा आहे आणि ६१५९ हा २६.५ व्होल्टचा, आपल्याला ६.३ हवा. साध्या ६१४६ चा हीटर १.२५ अँपिअर घेतो, बी चा १.१२५. त्यामुळे हीटर सिरीजमध्ये असतील तर एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावू नका.

प्लग काढा आणि फिल्टर कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करा. तिथे सातशे-आठशे व्होल्ट असतात. टॉप कॅपची (व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या प्लेटच्या टोपीची) क्लिप हलवत हलवत काढा. हिसका दिलात तर काचेवरची टोपीच सुटून येते. नवे व्हॉल्व्ह बसवा. ते वर्षानुवर्षं खोक्यात पडलेले असतील तर रात्रभर नुसता हीटर चालू ठेवा.

आता खरं काम, न्यूट्रलायझेशन. ग्रिड आणि प्लेट यांच्यात व्हॉल्व्हच्या आतच जेमतेम पाव पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. पण २८ मेगाहर्ट्झवर तेवढ्यातूनही प्लेटवरचा सिग्नल मागे ग्रिडवर येतो आणि अ‍ॅम्प्लिफायरचा ऑसिलेटर होतो. उलट फेजचा तेवढाच सिग्नल देऊन हे रद्द करायला एक छोटा ट्रिमर असतो. बी च्या आतली रचना वेगळी, म्हणून त्या ट्रिमरची जुनी जागा चालत नाही.

प्लग काढलेला असतानाच फायनलची प्लेट आणि स्क्रीन (व्हॉल्व्हमधली दुसरी ग्रिड) या दोन्हींच्या पुरवठ्याच्या तारा सोडवा. नुसती प्लेटची सोडवून स्क्रीन चालू ठेवलीत तर स्क्रीन ग्रिड जळेल. सुटलेली टोकं पुढे सेट चालू केल्यावर जिवंत असतात, ती नीट झाका. अँटेना सॉकेटला डमी लोड (अँटेनाऐवजी ताकद जिरवणारा रेझिस्टर) आणि त्यावर ऑसिलोस्कोप किंवा आरएफ प्रोब (रेडिओ सिग्नल मोजायचा प्रोब) लावा. सेट चालू करून २८ वर थोडा ड्राइव्ह (फायनलच्या ग्रिडला जाणारा सिग्नल) द्या. प्लेटला व्होल्टेज नसतानाही थोडा सिग्नल गळून बाहेर येईल. ट्यून आणि लोड फिरवून तो आधी जास्तीत जास्त करा, मग ट्रिमर फिरवून कमीत कमी. हे तीन-चार वेळा करा, कारण एक हलवलं की दुसरं बदलतं.

यात मी तीन संध्याकाळी घालवल्या. फायनलवरची धातूची जाळी काढून ट्रिमर जुळवायचो, जाळी लावली की सगळं बिघडायचं. जाळीचा धातू स्वतःच कपॅसिटन्स वाढवतो, म्हणून जाळी स्क्रूसकट लावूनच, तिच्या भोकातून जुळवा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर आत घालू नका, तोही तोच घोळ करतो. मी विणकामाची प्लास्टिकची सुई टोकाला घासून चपटी केली. अजून तीच वापरतो.

परत प्लग काढा, तारा जोडा, मग प्लग लावून बायस (ग्रिडचं स्थिर व्होल्टेज) फिरवून आयडल करंट, म्हणजे सिग्नल नसतानाचा प्लेट करंट, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. आता ड्राइव्ह शून्य ठेवून, डमी लोडवर, ट्यूनचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. प्लेट करंट जराही हलता कामा नये. हलला तर लगेच बंद करा आणि ट्रिमरकडे परत जा. नाही हलला तर ड्राइव्ह द्या: प्लेट करंटचा डिप (काटा सर्वांत खाली जातो ती जागा) आणि जास्तीत जास्त आउटपुट नॉबच्या एकाच जागी यायला हवेत. दोघांत बोटभर अंतर दिसलं तर "चालेल" म्हणून सोडू नका. ते एका जागी आले की डमी लोड काढा आणि अँटेना जोडा.