झोक्याचा दोर आणि लॅपटॉपचा ठोका

कापसाला भाव नसला की माझं रेकॉर्डिंग चांगलं होतं. आमच्या शिंदखेडा तालुक्यात वेचलेला कापूस भाव वाढेल या आशेवर घरातच भरून ठेवतात. मागची खोली छतापर्यंत भरली आणि मधे एक खुर्ची नि माइकचा स्टँड मावेल एवढी जागा उरली, की तिथला आवाज असा कोरडा येतो की शहरातल्या महागड्या स्टुडिओनं मान खाली घालावी. मग एक दिवस आप्पा गाडी बोलावतात, कापूस जातो, घरात चार पैसे येतात आणि माझी खोली घुमायला लागते. त्यानंतर दोरीवर गोधड्या टांगून काम चालवायचं.

अहिराणी गाणी आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांची सांगड घालून पोट भरता येतं का, असं विचारणारी पोरं हल्ली बरीच भेटतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: सॉफ्टवेअर कोणतं? कोणतंही घ्या. मी एफएल स्टुडिओवर शिकलो, आता रीपर वापरतो, कारण ते ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही रडत नाही. दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक दणकट डायनॅमिक माइक, बरे हेडफोन, एवढ्यावर पहिली दोन वर्षं निघतात. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला ठेवा आणि आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. बाया गाता गाता एकदम हसतात, टाळी देतात, त्याला वर जागा लागते.

खरी अडचण पुढे येते, आणि ती मला आखाजीला कळली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, घराघरात सांजोऱ्या आणि आमरस, गडीमाणसं पत्त्यांच्या डावात गुंग, आणि निंबाच्या फांदीला झोके. झोक्यावर बसून बाया गाणी म्हणतात. मी फुईच्या, म्हणजे आत्याच्या, अंगणात माइक लावला, पाच-सहा गाणी घेतली आणि घरी येऊन मिनिटाला १२० ठोक्यांच्या ठेक्यावर बसवायला गेलो. पहिली ओळ बसली. पाचव्या ओळीला गाणं अख्खा एक ठोका मागे पडलं होतं.

मला वाटलं, बायांचा ताल कच्चा. (तबल्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या, तेवढा माज पुरेसा होता.) मी प्रत्येक ओळ कापली, ताणली, ठोक्यावर नेऊन ठेवली. खाली बेस, वर सिंथ (सिंथेसायझर). झालेलं गाणं फुईला मोबाइलवर ऐकवलं. तिनं अर्धंच ऐकलं नि म्हणाली, "आम्ही नही चुकी ऱ्हायनूत रे बापू, तुन्हं मशीन चुकी ऱ्हायनं."

दोन दिवस राग धरला, मग मूळ रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्यात गाण्याखाली एक कुरकुर होती, फांदीवर दोर घासल्याची. मी तो आवाज गाळून टाकायच्या बेतात होतो. नीट मोजलं तर एका कुरकुरीपासून तिच्यासारख्या पुढच्या कुरकुरीपर्यंत सुमारे चार सेकंद जात होते आणि गाण्याची ओळही तेवढीच. दोर साधारण चार मीटरचा. अकरावीच्या भौतिकशास्त्रातला लंबक आठवा: चार मीटरच्या लंबकाला एका पूर्ण हेलकाव्याला चार सेकंदच लागतात. शिवाय झोका फार उंच गेला की तेच अंतर ४.१ पर्यंत जातं, आणि बाई दमून झोका उतरत आला की पुन्हा चारावर येतं. ओळीला आठ ठोके, म्हणजे मिनिटाला सुरुवातीला ११७, शेवटी १२०. गाणं पूर्ण तालात होतं. ताल फांदीला बांधलेला होता.

मग सगळं पुसलं आणि उलट्या बाजूनं केलं. रीपरमध्ये प्रत्येक ओळीला वेगळा टेम्पो देता येतो. आधी गाणं जसंच्या तसं ठेवलं, प्रत्येक कुरकुरीवर खूण केली आणि ड्रम-सिंथ त्या खुणांमागून चालवले. कुरकुरीचा एक तुकडा उचलून त्याचंच हाय-हॅट, म्हणजे ड्रममधली बारीक झांज, केलं. या कामाला अकरा दिवस लागले. पहिलं कापलेलं गाणं दोन रात्रींत झालं होतं. फरक कुणालाही ऐकू येतो.

पावरीनं वेगळी फजिती केली. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरपट्ट्यात कोकणा लोकांचं हे वाद्य, वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचं. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात, मार्गशीर्षात, ते रात्र रात्र वाजतं आणि वाजवणारा मधे श्वास तुटू देत नाही. लग्नाच्या वरातीत आज 'पावरी' म्हणून जे वाजतं ते बहुतेक कीबोर्डमधलं बटण असतं. मी खऱ्या पावरीवाल्या बाबांना गाठलं आणि त्यांच्या सुरावर माझा सिंथ लावला. कानाला दाढ दुखल्यासारखं झालं. मोबाइलवरच्या ट्यूनरनं बघितलं तर पावरी कीबोर्डच्या सुरापेक्षा ३० सेंट चढी (शंभर सेंट म्हणजे कीबोर्डची एक पट्टी), आणि तिच्या भोकांमधली अंतरंही तिची स्वतःची. आपल्याकडे लगेच ऑटोट्यून, म्हणजे सूर ओढून सरळ करणारं सॉफ्टवेअर, लावतात. लावून बघा, पावरीची पिपाणी होते. सिंथचा मूळ सूर ३० सेंट वर घ्या, जे स्वर तरीही भांडतील ते सिंथमधून काढूनच टाका. उरलेले दोन-तीन स्वर पुरतात. भोपळा सांगेल तसं वागायचं.

ठेक्याचंही तसंच. सातपुड्यातल्या होळीचा ढोल असो की पावरीवरचा नाच, बरेच ठेके तीन-तीनच्या झोकाचे असतात आणि आपला डीजे चार-चारचा. चारात कोंबलं की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. ठेका सहा मात्रांचा धरा आणि किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, पहिल्या नि चौथ्या मात्रेवर टाका. पाय जमिनीवर सरळ पडतो, कंबर तीनात फिरते. आणि ढोलाची धुम जिथे आहे, म्हणजे ६० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात, तिथे किक बारीक करा. दोन म्हशी एका दारातून जात नाहीत.

आता पैशाचं, कारण घरचे तेच विचारतात. पहिली तीन वर्षं माझी कमाई वरातींची. तुळशीच्या लग्नापासून हंगाम सुरू होतो, उन्हाळ्यात कळस, मग श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारचा कानबाई देवीचा उत्सव आणि पुढे गणपती. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर वाजवता येत नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते स्पष्ट आहे, तेव्हा सुपारी घेतानाच वेळ लिहून घ्या. नाहीतर नवरदेवाचे मित्र आणि पोलीस यांच्यामध्ये तुम्ही उभे. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं. माझे ते भरले सुरतेमुळे. उधना-लिंबायतमधे आपला अर्धा खान्देश राहतो आणि माहेरची गाणी माहेरापासून लांबच जास्त ऐकली जातात.

गाणं पारंपरिक आहे म्हणजे सगळं फुकट, असं समजू नका. शब्द-चाल कुणा एकाची नसेल, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं गाणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे. पहिल्या वेळी मी बायांना साडी-चोळी दिली आणि मोठा दाता असल्यासारखा घरी आलो. आजही ते आठवलं की कसंतरी होतं. आता साध्या मराठीत एक कागद करतो: कोण गायलं, कधी, कुठे, रोख किती, पुढच्या कमाईत वाटा किती. गाणं अ‍ॅपांवर ऑनलाइन वितरकामार्फत टाका, प्रत्येक रेकॉर्डिंगला ओळखीसाठी बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड मिळतो, तो वहीत उतरवून ठेवा. शब्द नि चालीच्या जागी 'पारंपरिक' लिहा. तिथे स्वतःचं नाव घालण्याचा मोह होतो, मलाही झाला होता.

हा कागदी कारभार मी ठेच खाऊन शिकलो. माझं झोक्याचं गाणं एका वरातीत पेनड्राइव्हवरून कुणीतरी उतरवून घेतलं, आपल्या नावानं चढवलं, आणि वर माझ्याच गाण्यावर हक्क सांगितला. माझी कमाई थांबली. मग मूळ फाइल्स शोधल्या. त्यांत दुसऱ्या कडव्यात फुईची बकरी ओरडते, आणि ती बकरी त्यांच्या गाण्यातही, तळाशी, अगदी बारीक, ओरडत होती. दावा मागे घेतला गेला. तेव्हापासून कच्चं रेकॉर्डिंग कधी पुसत नाही, तीन ठिकाणी ठेवतो.

यंदा पावसाआधीच्या वादळात फुईच्या निंबाची फांदी मोडली. झोका ओट्यावरच्या लोखंडी अँगलला बांधला, दोर जेमतेम तीन मीटरचा. मी मोजलं, ओळ साडेतीन सेकंदांत संपत होती, म्हणजे १३७ च्या आसपास. जुना प्रोजेक्ट उघडून बघितला, एकही खूण जुळेना. फुईला म्हटलं, तुम्ही घाईत गाताय का? ती झोक्यावरूनच म्हणाली, "आम्ही नही. ह्या झोकावर गानं पयस (पळतं)."