गाडीवर घरच्या घरी एअर कॉम्प्रेसर बसवताय? या चुका टाळा

घरी बनवलेला कॉम्प्रेसर कुणी दाखवायला आणला की मी पंप नंतर बघतो, आधी टाकी बघतो. बहुतेक वेळा तिथेच पोटात गोळा येतो. सगळे पैसे पंपावर गेलेले असतात आणि टाकी म्हणून पीव्हीसीच्या पाइपाला दोन्हीकडून टोपणं चिकटवलेली असतात.

"पाण्याचा दाब सोसतो की!" हे उत्तर ऐकून मी थकलोय. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप तडकला की दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा मात्र आवळलेल्या स्प्रिंगसारखी असते. 100 पीएसआयला 15 सेंटिमीटर व्यासाच्या टोपणावर बाराशे किलोहून जास्त जोर येतो. त्यात बोनेटखालच्या उष्णतेने पीव्हीसी कमकुवत होतो आणि फुटला की धारदार कपच्या उडतात. रेफ्रिजरंटचे, म्हणजे एसीत भरायच्या गॅसचे, एकदाच वापरायचे पातळ सिलिंडरही नकोत. हवेसाठीच बनवलेली, दाबाची मर्यादा लिहिलेली स्टीलची टाकी घ्या. यात काटकसर मला मान्य नाही.

दुसरी चूक म्हणजे मोटरचा सगळा करंट प्रेशर स्विचमधून, म्हणजे ठरलेल्या दाबाला मोटर बंद करणाऱ्या स्विचमधून, नेणं. एका मित्राने रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नको म्हणून तसंच केलं होतं. मोटर 30 अँपिअर घेणारी आणि स्विच नाजूक. दाब जास्त झाला की हवा सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी तो प्लग लावून मोकळा होणार होता, मी हट्टाने व्हॉल्व्ह लावायला लावला. चार दिवसांनी आम्ही टायरपाशी बसलो होतो आणि मोटर थांबायचं नाव घेईना. काटा 120 वरून 130, मग 140. मी फ्यूज उपटायला धावलो, तेवढ्यात कानठळ्या बसवत व्हॉल्व्ह सुटला. नंतर स्विच उघडला तर आतले दोन्ही पॉइंट वितळून एकमेकांना चिकटलेले, काळा गोळाच झालेला. त्या दिवशी तिथे प्लग असता तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. प्रेशर स्विच फक्त रिलेची कॉइल चालवतो, मोटरचा करंट रिलेतून जातो. स्विच 120 पीएसआयला मोटर बंद करतो. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या थोडा वर, पण टाकीच्या मर्यादेच्या आत सुटणारा हवा. टाकी आणि त्या व्हॉल्व्हच्या मध्ये कुठलाही कॉक नको. महिन्यातून एकदा मी व्हॉल्व्हची रिंग ओढून तो मोकळा आहे ना ते बघतो.

वायर बारीक घालू नका. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जाऊन-येऊन 10 मीटर, 30 अँपिअर: वाटेतच दोनेक व्होल्ट जातात. मग मोटर कण्हते, तापते आणि लोक पंपाला नावं ठेवतात. मी 10 चौरस मिलिमीटर वापरतो, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात.

जुन्या एसीचा कॉम्प्रेसर बेल्टवर चालवणार असाल तर त्याला तेल कुठून मिळतं ते आधी समजून घ्या. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅसऐवजी हवा दिली की तो कोरडा पडून जाम होतो. हवा शिरते त्या बाजूला हवेत तेल सोडणारा ऑइलर लावा आणि पुढे तेल गाळणारा सेपरेटर. सिस्टिममधला गॅस आधी एसीवाल्याकडून काढून घ्या, हवेत सोडू नका.

बाकीच्या गोष्टी छोट्या आहेत. पंपातून निघणारी हवा चटका बसेल इतकी गरम असते, तेव्हा पहिला हातभर तुकडा धातूचा लावा, प्लास्टिकची नळी तिथे मऊ पडून निसटते. टाकीतली हवा पंपाकडे उलटी जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विसरू नका. फिल्टरशिवाय पंप चालवू नका. गळती साबणाच्या फेसाने शोधा, नुसत्या कानावर जाऊ नका.

आणि ड्रेन कॉक टाकीच्या तळाला लावा, बाजूला नाही. दाबलेल्या हवेतलं पाणी तळाशी साचतं आणि टाकी आतून गंजते. काम झालं की मी दाब थोडा उतरू देतो आणि मग कॉक उघडतो. आधी तांबूस पाण्याची पिचकारी येते, मग नुसती हवा. हवा कोरडी लागेपर्यंत कॉक उघडाच ठेवतो.