ऑटिस्टिक किशोर आणि प्रौढांचं कॉग्निटिव्ह ट्रेनिंग: या चुका टाळा

ॲपमध्ये ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलगी भराभर पुढच्या पातळ्या गाठते, पण सकाळी घराबाहेर पडताना किल्ली, पाकीट, मोबाइल यांतलं काहीतरी राहतंच. कॉग्निटिव्ह ट्रेनिंग म्हणजे लक्ष, स्मरण, नियोजन, लवचीक विचार आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणं यांचा ठरवून केलेला सराव. तो सुरू केलेल्या घरांत ही तक्रार हमखास ऐकू येते. प्रौढ माणसं स्वतःबद्दल तेच सांगतात: गेम जमतो, ऑफिस जमत नाही. मेहनत तर होत असते. गाडी अडते ती ट्रेनिंग कशासाठी लावलं आणि कसं लावलं, तिथे.

गेमचा स्कोअर हीच प्रगती समजणं

सगळ्यात जास्त वेळ आणि उमेद खाणारी चूक ही. आकडे उलट्या क्रमाने आठवण्याचा सराव केला की आकडे उलट्या क्रमाने आठवणं सुधारतं. त्यातून अभ्यास किंवा घरातली कामंही आपोआप सुधारतील, या अपेक्षेला मात्र पुराव्याचा आधार नाही. मोनिका मेल्बी-लर्व्हॉग आणि चार्ल्स ह्युम यांनी २०१३ मध्ये वर्किंग मेमरीच्या, म्हणजे माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेच्या, ट्रेनिंगचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. सरावासारख्याच कामांत थोड्या काळापुरता फायदा दिसला, वाचन किंवा गणितापर्यंत तो पोहोचल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

नेदरलँड्समधली २०१५ सालची एक चाचणी मला जास्त बोलकी वाटते. त्यातली ऑटिस्टिक मुलं लहान होती, ८ ते १२ वर्षांची, पण धडा सगळ्या वयांना लागू आहे. काही मुलांना खरं ट्रेनिंग दिलं आणि काहींना वरून तसाच दिसणारा, पण अवघड न होत जाणारा नकली गेम. नकली गेम खेळलेली मुलंही सुधारली. पालकांना दिसलेला फरक खोटा असतो असं यातून म्हणायचं नाही. पण श्रेय गेमचं, वाढत्या वयाचं, की रोज ठरल्या वेळी कुणीतरी शेजारी बसण्याचं, हे तुलनेशिवाय कळत नाही. जाहिरातींना मात्र असा प्रश्न कधी पडत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ल्युमॉसिटी हे ब्रेन ट्रेनिंग ॲप बनवणाऱ्या कंपनीवर फसव्या दाव्यांचा आरोप ठेवला आणि ते प्रकरण २० लाख डॉलरवर मिटलं.

मग मोजायचं काय? ट्रेनिंग सुरू करण्याआधी रोजच्या जगण्यातल्या एक-दोन गोष्टी निवडा आणि दोन आठवडे नुसत्या नोंदवा. उठल्यापासून बाहेर पडेपर्यंत कितीदा आठवण करून द्यावी लागली? बेत अचानक बदलल्यावर पुन्हा कामाला लागायला किती वेळ गेला? तीच नोंद ट्रेनिंगच्या मध्यावर आणि संपल्यावर पुन्हा करा. ट्रेनिंग केंद्रातली चाचणी दुसऱ्यांदा दिली की नुसत्या ओळखीमुळेही गुण वाढतात. त्यामुळे तेवढ्या रिपोर्टवर खूश होऊ नका.

यंत्रासमोर बसवायचं आणि माणसांचा भाग गाळायचा

प्रौढांसाठीच्या सविस्तर पद्धतींपैकी एक म्हणजे कॉग्निटिव्ह एनहान्समेंट थेरपी. जेरार्ड होगार्टी आणि सहकाऱ्यांनी ती पिट्सबर्गमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांसाठी घडवली. पुढे शॉन ईक यांच्या गटाने ती ऑटिस्टिक प्रौढांसाठी वापरली. मुदत १८ महिने. संगणकावरचे सराव असतात, पण जोडीने. एक जण करतो, दुसरा साथ देतो आणि प्रशिक्षक दोघांना बोलतं करतो. शिवाय छोट्या गटाच्या बैठका असतात आणि शिकलेलं आठवडाभर बाहेर वापरून पाहण्याचा गृहपाठ असतो.

२०१८ मध्ये ५४ प्रौढांवरच्या चाचणीचे निकाल आले. लक्ष आणि माहिती हाताळण्याचा वेग या बाबतीत ही थेरपी तुलनेच्या गटापेक्षा सरस ठरली आणि ही थेरपी घेतलेल्यांना पगारी नोकरी मिळण्याचं प्रमाणही जास्त होतं. तुलनेच्या गटाला ताण हाताळायला आणि स्वतःचा ऑटिझम समजून घ्यायला मदत करणारी साधी आधार-थेरपी मिळत होती. माणसं समजून घेण्याच्या कौशल्यात हा तुलनेचा गट नवव्या महिन्यापर्यंत मागे होता, अठराव्या महिन्यापर्यंत त्याने बरोबरी गाठली. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, चाचणी झाली ती पूर्ण कार्यक्रमाची, त्यामुळे नुसत्या सॉफ्टवेअरकडून तेवढ्याच फळाची आशा धरणं चूक आहे. दोन, स्वतःबद्दल नीट कळणं हे स्वस्त आणि दुर्लक्षित औषध आहे.

सराव आणि जगणं यांना जोडणारा दुवा मुद्दाम बांधावा लागतो. "नीट नियोजन कर" या सांगण्याचा उपयोग शून्य. "दाराच्या कडीला हात लागला की तीन खिसे तपासायचे" हे जमतं, कारण कधी आणि काय हे दोन्ही ठरलेलं आहे. आधी घरी, मग दुसऱ्या जागी, मग कुणी सोबत नसताना, अशा पायऱ्या ठेवा. एका जागी जमलेलं दुसऱ्या जागी जमेलच असं गृहीत धरू नका. आणि अलार्म, यादी, दारावरचा कागद काढून घेऊ नका. "सवय लागायला हवी" म्हणून आधार काढला की आठवण ठेवण्यातच सगळी शक्ती जाते आणि मूळ काम बाजूला राहतं.

कारण दुसरंच, उपाय मेंदूच्या व्यायामाचा

लक्ष लागत नाही म्हणून थेट लक्षाचं ट्रेनिंग लावण्याआधी झोप बघा. चिंता, नैराश्य आणि खोलीतला ट्यूबलाइटचा गुंजारवही तपासा. एडीएचडीचा, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणाऱ्या स्थितीचा, विचार तर हवाच. डीएसएम या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीआधी, म्हणजे २०१३ पर्यंत, त्या नियमांनुसार ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र देता येत नव्हती. त्यामुळे त्याआधी निदान झालेल्या अनेकांचा एडीएचडी कुणी तपासलेलाच नसू शकतो.

आणखी एक. ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्या जणांना स्वतःच्या भावना ओळखून शब्दांत सांगणं अवघड जातं. "तुला काय वाटतंय?" या प्रश्नावर शांतता पसरते आणि फाइलमध्ये "सहकार्य करत नाही" अशी नोंद होते. त्याऐवजी शरीराबद्दल विचारा: छाती, पोट, जबडा, हात. किंवा एक ते पाच आकडा मागा.

सोशल ट्रेनिंगमधून अभिनय शिकवणं

चेहरे वाचण्याचं ट्रेनिंग लोकप्रिय आहे. ओफर गोलान आणि सायमन बॅरन-कोहेन यांनी २००६ मध्ये ४१२ भावनांची चित्रफीत-यादी असलेलं सॉफ्टवेअर ऑटिस्टिक प्रौढांना दहा आठवडे वापरायला दिलं. सॉफ्टवेअरमधले चेहरे आणि आवाज ओळखणं सुधारलं, पण वेगळ्या धाटणीच्या प्रसंगांत ते फारसं उतरलं नाही. इथेही तोच अडथळा.

माझा खरा आक्षेप उद्दिष्टांवर आहे. "पाच सेकंद डोळ्यांत बघेल", "हातांच्या हालचाली थांबवेल" असली उद्दिष्टं कागदावर दिसली तर ती खोडून टाका. त्यातून शिकवलं जातं ते मास्किंग, म्हणजे स्वतःला लपवणं, आणि त्याचा संबंध चिंता, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांशी अभ्यासांत आढळला आहे. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, ऑटिस्टिक नसलेल्यांनाही ऑटिस्टिक माणूस वाचता येत नाही. तेव्हा शिकवायचंच असेल तर उपयोगी वाक्यं शिकवा: "मला हे लिहून द्याल का?", "उत्तर द्यायला दोन मिनिटं हवीत." आणि ती ऐकून घ्यायला घरातल्यांना आणि सहकाऱ्यांनाही शिकवा.

पंचवीस वर्षांच्या माणसाला स्टिकर देणं

यावर फार लिहायची गरज नसावी, तरी हे घडतं. कार्टून, चांदण्या, "गुड बॉय" आणि उद्दिष्टं ठरवताना माणूस खोलीबाहेर. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिस्टिक प्रौढांसोबत मानसोपचार करताना काय बदलावं ते दिलं आहे: ठोस आणि लिखित माहिती, नियम स्पष्ट आणि कारणासह, उपमा-रूपकं कमी, मध्ये नियमित विश्रांती, शक्य तिथे त्या व्यक्तीच्या आवडीच्या विषयाचा वापर. ट्रेनिंगलाही हे तंतोतंत लागू होतं. रेल्वेचं वेळापत्रक पाठ असलेल्या तरुणाला नियोजन शिकवायला काल्पनिक सहल कशाला?

मध्येच अडलं तर

सुरुवातीला उत्साह आणि मग सपाट रेषा, असं झालं तर अवघडपणा आधी तपासा. दहापैकी सात-आठ वेळा जमेल इतपत काम ठेवा. सेशननंतर माणूस तासन्‌तास पडून राहत असेल, बोलणं कमी होत असेल किंवा आधी जमणाऱ्या गोष्टीही सुटत असतील, तर वेळ वाढवू नका, कमी करा. ही ऑटिस्टिक बर्नआउटची, म्हणजे साचलेल्या ताणातून येणाऱ्या खोल थकव्याची, चाहूल असू शकते. यायलाच नकार देत असेल तर कारण लिहून विचारा आणि "मला हे नको आहे" हेही उत्तर मान्य करा. पाठ केलेलं वाक्य नको तिथे वापरलं जात असेल तर सराव एकाच प्रसंगावर झाला आहे. प्रसंग बदला, माणसं बदला, आणि ते वाक्य कुठे वापरायचं नाही याचीही उदाहरणं द्या.

दोन-तीन महिन्यांनी थेरपिस्टला विचारा: रोजच्या कोणत्या गोष्टीत फरक अपेक्षित होता, तो दिसला का, नसेल तर काय बदलणार, आणि थांबायचं कधी? उत्तर म्हणून नुसता स्कोअरचा आलेख पुढे आला, तर पुढची फी भरण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.