विमानाच्या भागांचे उत्पादन वेळापत्रक उपकंत्राटदारांशी कसे जुळवावे

उपकंत्राटदाराला खरेदी आदेश आणि अंतिम तारीख कळवली, एवढ्याने विमानाच्या भागांचे वेळापत्रक जुळत नाही. भाग जुळणीसाठी ज्या दिवशी लागणार आहे, त्या दिवसापासून मागे मोजत यावे आणि कच्चा माल, मशीनिंग, उष्णोपचार, अविनाशी चाचणी (भागाला इजा न करता केलेली दोषतपासणी), पृष्ठलेपन, अंतिम तपासणी व प्रमाणपत्र या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र तारीख द्यावी.

उष्णोपचार आणि पृष्ठलेपन ही कामे अनेकदा तिसऱ्याच कारखान्यात होतात, आणि तिथे बहुतेक वेळा नॅडकॅप मान्यता (अशा विशेष प्रक्रियांसाठी विमान उद्योगात दिली जाणारी मान्यता) आवश्यक असल्याने ऐनवेळी दुसरा कारखाना सहज मिळत नाही. उपकंत्राटदाराने मशीनिंगचे दिवस कितीही अचूक सांगितले, तरी त्या कारखान्यात भाग रांगेत किती दिवस थांबेल हे विचारले नसेल, तर सगळे नियोजन कागदावरच राहते. त्यामुळे त्या कारखान्याच्या मान्यतेची मुदत आणि आपल्यासाठी राखून ठेवलेली क्षमता, या दोन्ही गोष्टी लेखी मागवाव्यात.

भाग नवा असल्यास एएस ९१०२ या विमान उद्योगाच्या मानकानुसार प्रथम नग तपासणीसाठी (पहिला नग आराखड्याप्रमाणे आहे का, याच्या संपूर्ण पडताळणीसाठी) वेळ धरावा. उत्पादनात दोन वर्षांचा खंड पडला असेल, तर जुन्या भागासाठीही ती पुन्हा करावी लागते. नियोजनात नेमकी हीच बाब सुटण्याची शक्यता अधिक असते.

टायटॅनियमचे फोर्जिंग (दाबून किंवा ठोकून घडवलेले तुकडे) फार आधी मागवावे लागते. मात्र सगळेच साहित्य लवकर आणून ठेवणे हिताचे नसते, कारण कार्बन प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेले कार्बन तंतूंचे साहित्य) साधारणपणे उणे १८ अंश सेल्सियसला साठवावे लागते आणि बाहेर काढल्यापासून त्याची वापरमुदत कमी होऊ लागते. स्वस्त भागांकडेही दुर्लक्ष करू नये. बोइंग ७८७ चे पहिले विमान जुलै २००७ मध्ये समारंभपूर्वक कारखान्याबाहेर आणले गेले, तेव्हा फास्टनर्सचा, म्हणजे भाग जोडणाऱ्या बोल्ट-रिव्हेटसारख्या वस्तूंचा, तुटवडा होता. पुढे इतरही अडचणी येत गेल्या आणि २००८ मध्ये व्हायची असलेली पहिली सुपूर्दगी सप्टेंबर २०११ मध्ये झाली.

नजीकच्या काही आठवड्यांचे वेळापत्रक गोठवावे, म्हणजे त्यातील संख्या किंवा क्रम दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीशिवाय बदलता येणार नाही. त्यापुढच्या काळाचा अंदाज नियमितपणे कळवावा आणि त्यातील कोणत्या भागाच्या कच्च्या मालाची जबाबदारी मुख्य उत्पादक घेतो, हेही स्पष्ट लिहावे. अन्यथा केवळ अंदाजावर विसंबून उपकंत्राटदार पैसे गुंतवणार नाही, आणि त्याने ते गुंतवावेत अशी अपेक्षाही रास्त नाही.

साप्ताहिक आढाव्यात काम किती टक्के झाले हे न विचारता प्रत्येक नग कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारावे, आणि विलंबाची शक्यता दिसताच कळवणाऱ्या उपकंत्राटदारावर त्या सूचनेमुळे दंड होणार नाही, अशी तरतूद करारात ठेवावी.