उचल फिटली की नाही, ते दुसऱ्या वहीनं ठरवा

दिवाळीच्या आगेमागे बीड, नगर, जळगावकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पुणे जिल्ह्यातल्या बारामती, इंदापूर, दौंड, जुन्नरच्या उसाच्या फडांत उतरतात. लेखी करार क्वचितच असतो. असतो तो मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीतला उचलीचा (आगाऊ दिलेल्या पैशांचा) आकडा. हिशेब त्या एकाच वहीत राहिला की हंगाम संपून पट्टा पडताना हमखास बाकी निघते. म्हणून पहिल्या मोळीपासून दुसरी वही हवी. ती टोळीतल्या शिकलेल्या पोराकडे द्या.

उचल शक्यतो खात्यावर घ्या. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही-अंगठा नको, कोरा चेक नको. आधारची झेरॉक्स द्या, मूळ कार्ड नाही.

वहीत रोज लिहायचं: तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाडी नंबर, काट्याच्या पावतीवरचं निव्वळ वजन, त्या दिवशी तोडीला असलेले कोयते (एक कोयता म्हणजे एक जोडपं). पावती ड्रायव्हरकडे असते. गाडी परतली की लगेच फोटो काढा, दुसऱ्या दिवशी ती मिळत नाही. गाडीत 16 टन आणि 8 कोयते असतील तर कोयत्याला 2 टन. टनाला 366 रुपये धरले तर जोडप्याचे 732. म्हणजे 1 लाखाची उचल फिटायला 273 टन, रोज 2 टनांनी 137 दिवस. हंगाम तिथंच संपला! मधे आठवड्याला मिळणारी खर्ची उचलीत चढते, ती वेगळ्या रकान्यात लिहा. आकडा फुगतो तो बहुतेक इथंच.

खाड्याचा (गैरहजेरीचा) दंड आणि वाढ्याचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) कापलेले पैसेही त्याच दिवशी टिपा. कमिशन तुमच्या मजुरीतून कापलं जात असेल तर हरकत घ्या. कारखाना मुकादमाला ते वेगळं देतो. दर जुनाच लावलाय का, हेही बघा: जानेवारी 2024 मध्ये तोडणीत 34 टक्के वाढ ठरली आहे.

बाकी दाखवून गावी जाऊ देत नाहीत, दुसरीकडे कामाला जाऊ देत नाहीत, मारहाण होते, बाईला किंवा पोराला ठेवून घेतात? मग हा व्यवहार राहत नाही, 1976 च्या कायद्यानं ती वेठबिगारी आहे. जीवाला धोका असेल तर आधी 112. मुलं अडकली असतील तर 1098.

अर्ज तहसीलदार किंवा प्रांतांकडे, आणि तोही फड असलेल्या तालुक्यात. गावाकडे दिला तर ‘आमची हद्द नाही’ म्हणून आठवडे जातात. अर्जात उचलीची रक्कम, तारीख, किती टन तोडलं, कुणी अडवलं, कोपीचं (राहत्या झोपडीचं) ठिकाण आणि सगळ्यांची नावं वयासह. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या. नवरा-बायकोचे जबाब वेगळे मागा, नाहीतर कागदावर बाई दिसतच नाही.

कार्यालयात हटकून ऐकाल, ‘पैशाचा वाद आहे, दिवाणीत जा.’ तेव्हा त्याच 1976 च्या कायद्याचं कलम 15 दाखवा: कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करणं उचल देणाऱ्याचं काम. कलम 6 नं असं कर्ज रद्दच होतं. अडलात तर पुण्यात शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मोफत मिळतो, फोन 15100.

सुटका झाली तरी मुक्तीचा दाखला हातात घेतल्याशिवाय तालुका सोडू नका. पुनर्वसनाची मदत त्यावरच अडते. पंचनाम्यात कोयते, भांडी, बैल आणि टायरगाडी कुणाची, हे नीट लिहवून घ्या. जनावरं मागे राहिली तर मुकादम ती उचलीत वळती करतो.