युद्धात बुडालेल्या विनाशिकेची हकीकत कशी जुळवायची (यूएसएस जॉन्स्टनचं उदाहरण घेऊन)

सगळ्यात आधी हल नंबर, म्हणजे जहाजाच्या अंगावर रंगवलेला ओळख क्रमांक, लिहून घ्या. अमेरिकन नेव्हीत बुडालेल्या जहाजाचं नाव नव्या जहाजाला देतात, त्यामुळे नुसतं जॉन्स्टन शोधलं की १९४६ ची ८२१ नंबरची पण समोर येते, आपल्याला हवी ती ५५७, फ्लेचर क्लास (म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांपैकी), २५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्सच्या समार बेटाजवळ जपानी नौदलाशी लढताना बुडालेली. हा नंबर किती कामाचा ते बघा, २०१९ मध्ये समुद्रतळाशी अवशेष सापडले तेव्हा ही जॉन्स्टन की त्याच दिवशी बुडालेली त्याच क्लासची होएल हे ठरेना, २०२१ मध्ये पाणबुडी जवळपास साडेसहा किलोमीटर खाली गेली आणि नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, ५५७ दिसला तेव्हा कुठे नक्की झालं.

मग अमेरिकन नेव्हीच्या इतिहास विभागाच्या साइटवर जहाजांचा कोश आहे तो उघडा आणि तारखा एका कागदावर उतरवा. कमिशन (नौदलाच्या सेवेत दाखल) २७ ऑक्टोबर १९४३, मग मार्शल बेटं, मे १९४४ मध्ये दोन जोडीदार विनाशिकांसोबत जपानी पाणबुडी आय-१७६ बुडवली, मग गुआम. हे भरभर उरकलं तरी चालेल, खरा वेळ शेवटच्या सकाळसाठी ठेवा.

त्यासाठी ॲक्शन रिपोर्ट, म्हणजे लढाईनंतर जहाजाकडून दिला जाणारा अहवाल, वाचाच. जॉन्स्टनचा रिपोर्ट तोफखान्याचे प्रमुख लेफ्टनंट रॉबर्ट हेगन यांनी लिहिला, कारण कॅप्टन अर्नेस्ट इव्हान्स परतलेच नाहीत. म्हणजे वाचलेल्यांनी जे पाहिलं, ऐकलं ते त्यात आहे, म्हणून प्रत्येक दावा जपानी नोंदींशी ताडून बघायचा. उदाहरणार्थ दहा टॉर्पेडो सोडले, धुरातून दोन, कदाचित तीन स्फोट ऐकू आले असं अमेरिकन बाजू सांगते, जपानी नोंदीत कुमानो क्रूझरला एकच लागला. पण त्या एकाने तिची नाळ उडाली आणि ती लढाईतून बाद झाली, त्यामुळे आकडा कमी झाला म्हणून पराक्रम कमी होत नाही. तसंच साडेसातच्या सुमाराला बसलेले मोठे गोळे रिपोर्टात १४ इंची आहेत, नंतरच्या अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांना ते त्याहून मोठ्या तोफांच्या यामातो या जपानी युद्धनौकेचे वाटतात. दोन्ही लिहा आणि कोण काय म्हणतं तेही लिहा.

त्या माऱ्यानंतर सुकाणूची पॉवर गेली, इव्हान्स यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, आणि ते मागच्या उघड्या झाकणातून खाली ओरडून ऑर्डर देत होते, खाली माणसं हाताने सुकाणू फिरवत होती. असे तपशील गाळू नका, त्याशिवाय पुढचे दोन तास कळतच नाहीत. ९:४५ ला जहाज सोडायची ऑर्डर, १०:१० ला बुडाली.

पण तिथे थांबू नका. ३२७ पैकी १४१ वाचले, १८६ गेले. कोशात फोड आहे, माऱ्यात सुमारे ५०, राफ्टवर जखमांनी ४५, आणि ९२ जण, इव्हान्स धरून, पाण्यात जिवंत होते पण परत दिसले नाहीत. बेरीज १८७ येते, कारण पहिला आकडा अंदाजी आहे, तो ओढूनताणून जुळवू नका. लक्षात घ्या, निम्म्याहून जास्त माणसं जहाज बुडाल्यावर गेली, मदत यायला दोन दिवस लागले.

नावं हवी असतील तर नॅशनल आर्काइव्हजमधले मस्टर रोल (जहाजावरच्या माणसांच्या याद्या) बघा, फक्त त्यात खलाशीच असतात, ऑफिसर नसतात. बेपत्ता झालेल्यांची नावं मनिलाच्या अमेरिकन सिमेट्रीतल्या भिंतींवर आहेत, इव्हान्स यांचंही तिथेच आहे.