डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासणीचा कागद कसा वाचावा

डोळे किंवा कान तपासून झाल्यावर मिळणारा कागद बहुतेक घरांत फाईलमध्ये जातो आणि पुढच्या तपासणीपर्यंत तिथेच राहतो. त्यावरची अक्षरे आणि आकडे केवळ डॉक्टरांसाठी आहेत, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चष्मा बनवणारा दुकानदार, घरी औषधाचे थेंब घालणारी व्यक्ती आणि श्रवणयंत्र बसवून देणारा तज्ज्ञ हे सगळे याच कागदावर विसंबून असतात, आणि उतरवून घेताना झालेली चूक सर्वांत आधी लक्षात येऊ शकते ती रुग्णाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या. त्यासाठी वैद्यकाचे शिक्षण लागत नाही; कागद नेहमी एकाच क्रमाने वाचण्याची सवय मात्र लागते. आधी बाजू पाहावी, मग चिन्ह, मग आकडा आणि शेवटी शेरा.

पहिली पायरी: बाजू निश्चित करा

आपल्याकडे उजव्या डोळ्यासाठी ‘आरई’ आणि डाव्यासाठी ‘एलई’ असे लिहिण्याची पद्धत रूढ आहे. काही डॉक्टर आणि छापील यंत्रअहवाल मात्र लॅटिन रूपे वापरतात: ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा, ‘ओएस’ म्हणजे डावा डोळा आणि ‘ओयू’ म्हणजे दोन्ही डोळे. कानांसाठी याच धर्तीवर ‘एडी’ म्हणजे उजवा, ‘एएस’ म्हणजे डावा आणि ‘एयू’ म्हणजे दोन्ही. डोळ्याचे आणि कानाचे संक्षेप एका अक्षराच्या फरकाने वेगळे होतात, आणि घाईच्या हस्ताक्षरात ते अक्षर सहज चुकीचे वाचले जाते. म्हणूनच औषधांच्या सुरक्षित वापरासाठी काम करणारी अमेरिकेतील आयएसएमपी ही संस्था हे संक्षेप टाळून पूर्ण शब्द लिहावेत असा आग्रह धरते.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे, आणि ती अधिक गंभीर वाटते. भारतातील औषधांच्या चिठ्ठीवर ‘ओडी’ याचा सर्वसाधारण अर्थ ‘दिवसातून एकदा’ असा असतो. ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा आणि ‘क्यूआयडी’ म्हणजे चार वेळा. चष्म्याच्या नंबरापुढचे ‘ओडी’ उजवा डोळा दाखवते, तर थेंबांच्या नावापुढचे ‘ओडी’ बहुधा दिवसातून एकदा असे सांगते. थेंब कोणत्या डोळ्यात आणि किती वेळा घालायचे, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे आणि बाटलीच्या खोक्यावर मराठीत लिहून ठेवावे. बाटलीवर डोळ्यासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर कानाचे थेंब डोळ्यात कधीही घालू नयेत.

कागदावर डोळ्याचे किंवा कानाच्या पडद्याचे चित्र काढलेले असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डॉक्टर आपल्यासमोर बसून पाहतात, त्यामुळे आपली उजवी बाजू कागदावर डावीकडे येते.

दुसरी पायरी: चष्म्याच्या नंबरातील तीन रकाने वाचा

पहिला रकाना ‘स्फेरिकल’. यातील वजा चिन्ह लघुदृष्टी दाखवते, म्हणजे लांबचे धूसर दिसते. अधिक चिन्ह दूरदृष्टी दाखवते, म्हणजे मुख्यतः जवळचे धूसर दिसते. आकड्याचे एकक डायॉप्टर असते आणि त्याचा अर्थ समजून घेणे सोपे आहे. नंबर वजा असेल तर १०० ला त्या आकड्याने भागावे. जितके सेंटिमीटर येतील, साधारण तितक्याच अंतरापर्यंत चष्म्याविना स्पष्ट दिसते. वजा २.०० नंबर असलेल्या व्यक्तीला ५० सेंटिमीटरपर्यंत, तर वजा ४.०० असलेल्या व्यक्तीला २५ सेंटिमीटरपर्यंत नीट दिसते. चष्म्याचे नंबर सहसा ०.२५ च्या टप्प्यांनी वाढतात, त्यामुळे चष्म्याच्या कागदावर १.४० असा आकडा दिसला तर तो उतरवताना चुकला असण्याची शक्यता मोठी.

दुसरा रकाना ‘सिलिंड्रिकल’, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पटलाची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्यामुळे येणारा नंबर. हा नंबर कोणत्या दिशेला बसवायचा ते तिसरा रकाना, म्हणजे ‘ॲक्सिस’, १ ते १८० अंशांत सांगतो. सिलिंड्रिकल नंबर असून ॲक्सिसचा रकाना रिकामा असेल, तर तो कागद अपुरा आहे आणि त्यावरून चष्मा करू नये.

दोन ठिकाणी तपासून दोन वेगळे नंबर आले म्हणून अनेक जण घाबरतात. अशा वेळी आधी पुढील पडताळा करावा. समजा, एका कागदावर स्फेरिकल वजा १.००, सिलिंड्रिकल वजा ०.५० आणि ॲक्सिस १८० आहे. स्फेरिकल आणि सिलिंड्रिकल यांची बेरीज करा, ती येते वजा १.५०. सिलिंड्रिकलचे चिन्ह उलटवा, ते होते अधिक ०.५०. ॲक्सिस ९० अंशांनी फिरवा, तो होतो ९०. दुसऱ्या कागदावर हेच आकडे असतील, तर दोन्ही नंबर तंतोतंत एकच आहेत; केवळ लिहिण्याची पद्धत वेगळी आहे.

‘ॲड’ हा रकाना चाळिशी लागल्यावर भरला जातो. जवळचे वाचण्यासाठी लांबच्या नंबरात किती भर घालायची, एवढेच तो सांगतो, आणि ही भर बहुधा दोन्ही डोळ्यांसाठी सारखी असते. ‘पीडी’ म्हणजे दोन्ही बाहुल्यांमधील अंतर, मिलिमीटरमध्ये.

तिसरी पायरी: ६/६ आणि त्यापुढची नोंद

भिंतीवरील अक्षरांचा तक्ता डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि ६/६ ही नोंद त्याच पद्धतीची आहे. वरचा आकडा म्हणजे तक्त्यापासूनचे अंतर मीटरमध्ये. ६/१२ याचा अर्थ असा की, निरोगी दृष्टीची व्यक्ती जी ओळ १२ मीटरवरून वाचते, ती वाचायला आपल्याला ६ मीटरवर यावे लागते. तो अपूर्णांक समजून ‘निम्मी नजर गेली’ असा निष्कर्ष काढू नये. पुढे ‘पीएच’ लिहिले असेल, तर ती बारीक छिद्रातून वाचून घेतलेली नोंद असते. त्यातून दृष्टी सुधारली, तर धूसरपणा बव्हंशी चष्म्याने दूर होण्याजोगा असतो. ‘आयओपी’ म्हणजे डोळ्यातील दाब, आणि तो साधारणपणे १० ते २१ च्या दरम्यान असतो. मात्र दाब या मर्यादेत असतानाही काचबिंदू असू शकतो, म्हणून केवळ या एका आकड्यावर निश्चिंत होऊ नये.

चौथी पायरी: ऑडिओग्राम वाचा

कानाच्या तपासणीचा आलेख पाहून गोंधळ उडतो, कारण तो वरून खाली वाचायचा असतो. आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी असते: डावीकडे २५० हर्ट्झचे खर्जातले आवाज, उजवीकडे ८००० हर्ट्झचे तीव्र स्वरातले आवाज. उभ्या रेषेवर डेसिबल असतात आणि ते खाली जाताना वाढतात. खूण जितकी खाली, तितका मोठा आवाज त्या कानाला लागतो, म्हणजे तितके ऐकणे कमी.

लाल वर्तुळ म्हणजे उजवा कान आणि निळी फुली म्हणजे डावा कान. या खुणा हवेतून पोहोचणाऱ्या आवाजाच्या असतात. कंसासारख्या किंवा बाणाच्या टोकासारख्या खुणा कानामागच्या हाडावर कंपनयंत्र ठेवून केलेल्या चाचणीच्या असतात. आता या दोन प्रकारच्या खुणांमधले अंतर पाहावे, कारण निदानाचा गाभा तिथे आहे. हाडातून नीट ऐकू येते पण हवेतून येत नाही, असे असेल तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे: मळ, पडद्याला छिद्र, पडद्यामागे साचलेले पाणी. यालाच अहवालात ‘कंडक्टिव्ह’ म्हणतात आणि यातील पुष्कळ कारणांवर औषधाने किंवा शस्त्रक्रियेने उपाय होतो. दोन्ही खुणा एकत्रच खाली गेल्या असतील, तर दोष आतल्या कानात किंवा नसेत असतो आणि त्याला ‘सेन्सोरिन्यूरल’ म्हणतात. दोन्ही मिळून असेल तर ‘मिक्स्ड’.

उजवीकडे, म्हणजे तीव्र स्वरांकडे, रेषा उतरत गेली असेल, तर त्याचा घरातला अर्थ ओळखता येतो. आजोबांना आवाज ऐकू येतो, पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणून ‘ऐकू येते, पण समजत नाही’ ही त्यांची तक्रार अगदी खरी असते. त्यांच्याशी मोठ्याने ओरडून बोलण्यापेक्षा समोर बसून, सावकाश आणि स्पष्ट बोलल्याने जास्त उपयोग होतो.

‘पीटीए’ हा शब्द या चाचणीसाठीही वापरतात आणि तिच्यातून काढलेल्या सरासरीसाठीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार २० डेसिबलपेक्षा कमी म्हणजे सामान्य श्रवण. जुन्या पद्धतीत २५ डेसिबलपर्यंत सामान्य धरत असत. त्यामुळे दोन अहवालांतील शेरे वेगळे असले, तरी आकडे सारखेच आहेत का ते आधी पाहावे.

पाचवी पायरी: शेऱ्यातील शब्द

‘रिने पॉझिटिव्ह’ वाचून दचकू नये. ट्यूनिंग फोर्कच्या, म्हणजे कंप पावणाऱ्या धातूच्या काट्याच्या, या चाचणीत हवेतून येणारा आवाज हाडातून येणाऱ्या आवाजापेक्षा चांगला ऐकू आला, तर पॉझिटिव्ह लिहितात, आणि निरोगी कानात तसेच घडते. टिम्पॅनोग्राममध्ये, म्हणजे कानाचा पडदा आणि मधला कान यांच्या तपासणीच्या आलेखात, ‘ए’ प्रकार सामान्य असतो, ‘बी’ म्हणजे सपाट रेषा आणि ‘सी’ म्हणजे मधल्या कानातील दाब कमी. ‘आयटिस’ने संपणारे शब्द दाह सांगतात: कंजंक्टिव्हायटिस म्हणजे डोळे येणे, ओटायटिस मीडिया म्हणजे मधल्या कानाचा दाह. प्रेसबायोपिया आणि प्रेसबायक्युसिस हे दोन्ही वयोमानाने येणारे बदल आहेत, पहिला नजरेतला आणि दुसरा श्रवणातला.

दोन नोंदी मात्र फाईलमध्ये ठेवून थांबण्याच्या नाहीत. एक, ‘सडन’ या शब्दाने सुरू होणारा श्रवणदोष, म्हणजे तीन दिवसांच्या आत एका कानाचे ऐकणे अचानक उतरणे. यावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले, त्यामुळे मळ असेल म्हणून वाट पाहू नये. दुसरी ‘रेटायनल डिटॅचमेंट’, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा सुटणे, किंवा त्याची शंका. डोळ्यासमोर अचानक विजेसारखे चमकणे, काळ्या ठिपक्यांचा झोत येणे किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर कागदावर शेरा असो वा नसो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे आणि जाताना जुने कागद सोबत न्यावेत.